फाइल की डेटाबेस? दूध संस्थेच्या काउंटरवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संस्थांसाठी संकलनाची आणि बिलाची सॉफ्टवेअर लिहिणं, ती बसवणं आणि बसवल्यावर फोन उचलत राहणं हा माझा धंदा. फोन करणारे दोन प्रकारचे. एक, संस्थेचे सेक्रेटरी. चाललंय ते का बदलायचं, हा त्यांचा सवाल. दुसरी बीसीएची मुलं; फाइल पद्धतीच्या मर्यादा त्यांना पाठ असतात, पण एकही डोळ्यांनी पाहिलेली नसते. दोघांनाही तेच तेच सांगून झाल्यावर हे पान लिहायला घेतलं. उदाहरणं सगळी दुधाची आहेत. तुमची पतसंस्था किंवा वाचनालय असेल तर लिटरच्या जागी रुपये किंवा पुस्तकं घाला.

आमचं फाइलवर वीस वर्षं सुरळीत चाललंय. मग बिघडतंय कुठे?

बिघडत नव्हतं म्हणूनच वीस वर्षं चाललं. एक संगणक, एक माणूस आणि शंभर-दीडशे सभासद एवढ्यावर फाइल पुरते. कुरबूर सुरू होते ती दुसरा संगणक आल्यावर, दुसरा माणूस बसल्यावर किंवा मूळ प्रोग्राम लिहिणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर. यातलं तिसरं सगळ्यात जास्त घडतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. डेटाबेस म्हणजे हवेत तरंगणारं काही नाही. त्यातला डेटासुद्धा शेवटी डिस्कवरच्या फाइलींमध्येच असतो. फरक आहे तो त्या फाइलींना हात कोण लावतो याचा. फाइल पद्धतीत ज्याला गरज पडेल तो प्रोग्राम थेट कोठीत शिरतो आणि पायलीभर धान्य काढून नेतो. डेटाबेसमध्ये दारात कोठावळा बसलेला असतो. मागायचं त्याच्याकडे, ठेवायला द्यायचं त्याच्याकडे, आत कोणी जायचं नाही.

'फाइल पद्धत' म्हणजे नेमकं काय? एखादी नोंद दाखवता का?

ही घ्या:

००४७२७०८२४१२०६५०७००९२

फाइल उघडली तर अशा हजारो ओळी दिसतात. पहिले चार आकडे सभासद क्रमांक: ४७. पुढचे सहा तारीख: २७ ऑगस्ट २०२४. मग १ म्हणजे सकाळ, २ म्हणजे म्हैस. ०६५ म्हणजे साडेसहा लिटर, ०७० म्हणजे फॅट ७.० लागलं, ०९२ म्हणजे एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९.२.

हे मला कुठून कळलं? फाइलमध्ये तर कुठेच लिहिलेलं नाही. ते प्रोग्राममध्ये लिहिलंय: बारा आकडे सोड, पुढचे तीन घे, दहाने भाग. संकलनाच्या प्रोग्राममध्ये, बिलाच्या प्रोग्राममध्ये, ऑडिटच्या रिपोर्टमध्ये, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा. प्रोग्राम हरवला तर उरते ती नुसती आकड्यांची रांग.

आता पुढचं ऐका. एका संस्थेत लिटरला असे तीनच आकडे ठेवले होते, म्हणजे जास्तीत जास्त ९९.९. लिहिणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा घरटी दोन म्हशीवाल्यांचं गाव होतं, शंभर लिटर घालणार कोण? पुढे एकाने वीस गायींचा गोठा केला आणि एके सकाळी १०४.५ लिटर दूध घातलं. फाइलमध्ये मावले शेवटचे तीन आकडे, ०४५. साडेचार लिटर! प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. (फॉक्सप्रो, म्हणजे अशा फाइली सांभाळणारे प्रोग्राम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन, निदान आकडा मावला नाही तर चांदण्या तरी दाखवायचं.) एक आकडा वाढवायचा म्हटल्यावर फाइलची रचना बदलली आणि ती वाचणारे अकरा प्रोग्राम बदलावे लागले. दहा बदलले. अकरावा दिवाळीच्या फरक बिलाचा, म्हणजे वर्षभराच्या दुधावर दराचा फरक देणाऱ्या बिलाचा होता; वर्षातून एकदाच चालणारा, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आला नाही.

परीक्षेत याला प्रोग्राम आणि डेटा यांचं परस्परावलंबन म्हणतात. डेटाबेसमध्ये 'लिटर' या रकान्याची व्याख्या डेटाच्या शेजारीच, एकदाच असते. रकाना रुंद केला तर बहुतेक प्रोग्रामना त्याचा पत्ताही लागत नाही.

एकच माहिती दोन-तीन ठिकाणी ठेवली तर काय होतं? जागा तर आता स्वस्त आहे.

जागेचा प्रश्न केव्हाच संपला. अडचण आहे ती कोणतं खरं मानायचं याची.

सभासदाचं नाव आणि बँक खातं संकलनाच्या फाइलमध्ये असतं, पशुखाद्याच्या उचलीच्या फाइलमध्ये असतं आणि फरक बिलाच्या फाइलमध्येही असतं. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. सेक्रेटरींनी रात्री बसून एका फाइलमध्ये नवे कोड घातले आणि दर दहा दिवसांचं बिल नीट जमा व्हायला लागलं. दिवाळीला फरकाची रक्कम मात्र जुन्या कोडवर निघाली आणि परत आली. सण तोंडावर, ऑफिससमोर माणसांची रांग, आणि सेक्रेटरी म्हणताहेत, 'अहो, मी तर बदललंय!' खोटं बोलत नव्हते.

डेटाबेसमध्ये सभासदाची माहिती एका तक्त्यात एकदाच ठेवायची आणि बाकी सगळीकडे फक्त त्याचा क्रमांक. नाव हवं असेल तेव्हा क्रमांकावरून ओढून घ्यायचं.

हे दुखणं संगणकाबरोबर आलेलं नाही. सातबारा गट क्रमांकावरून लागतो आणि आठ-अ खातेदारावरून. जमीन तीच, लिहायची दोनदा. कागदाच्या काळात दोन्हींचा मेळ बसत नसेल तर शेतकरी कुठे कुठे हेलपाटे घालायचा ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आमच्याकडे गाय आणि म्हैस असे दोन काटे आहेत. दोन्हीकडून एकाच वेळी नोंद केली तर चालेल?

फाइलवर असाल तर जपून. एका सभासदाची पशुखाद्याची बाकी ५,००० रुपये आहे असं धरा. पहिल्या काउंटरवर त्याचा मुलगा १,६०० चं पोतं उधारीवर नेतोय, त्याच मिनिटाला दुसऱ्या काउंटरवर तो स्वतः १,००० भरतोय. दोन्ही संगणकांनी ५,००० वाचले. पहिल्याने ६,६०० लिहिले. दुसऱ्याने ४,०००. शेवटी लिहिणारा जिंकला, बाकी ४,००० झाली. खरी बाकी ५,६००. पोत्याचे पैसे हवेत विरले आणि कुठेही चूक झाल्याची खूण नाही.

फॉक्सप्रोत नोंदीला कुलूप लावायची सोय होती, नाही असं नाही. पण ते कुलूप लावायची आठवण प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवायची. ज्याला हे झेपत नसे तो सरळ अख्खी फाइलच स्वतःपुरती उघडे, आणि मग शेजारच्या काउंटरवर 'फाइल इज इन यूज' झळके. मग आवाज यायचा, 'ए, तू बाहेर ये आधी, मग मी जातो!' कितीतरी संस्थांत ओरडून लावायचं हे कुलूप वर्षानुवर्षं चाललं.

डेटाबेसमध्ये कुलूप कोठावळ्याकडे असतं. मात्र प्रोग्रामने 'बाकी ४,००० कर' असं न सांगता 'बाकीतून १,००० वजा कर' असं सांगायला हवं. आधी वाचून, स्वतःच वजाबाकी करून, मग आकडा परत लिहिणारे प्रोग्राम डेटाबेसवरही हाच घोळ घालतात. मी स्वतः सुरुवातीला घातलाय.

बिल काढताना मध्येच वीज गेली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे फाइल आणि डेटाबेस यांच्यातलं अंतर उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दहा दिवसांचं बिल काढायचं म्हणजे प्रत्येक सभासदाचं दूध जमेला धरायचं, त्यातून खाद्याची आणि उचलीची कपात करायची, उचलीची बाकी कमी करायची आणि निव्वळ रक्कम बँकेच्या यादीत टाकायची. ४१२ सभासदांची संस्था आहे, २३० व्या सभासदाची उचल कापून झाली, यादीत रक्कम जायची बाकी आहे आणि लाइट गेली. फाइल पद्धतीत आता काय हातात आहे? २२९ जणांचं पूर्ण, एकाचं अर्धवट, बाकीच्यांचं काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून चालवलं तर २३० जणांची उचल दोनदा कापली जाणार. वरून अनुक्रमणिकेची फाइल मूळ फाइलशी फटकून वागायला लागते ती वेगळीच. फॉक्सप्रोवाल्यांना 'रीइंडेक्स' (अनुक्रमणिका पुन्हा बांधणं) हा शब्द रात्री झोपेतसुद्धा आठवत असेल.

डेटाबेस काय करतो ते समजून घ्यायला फेरफार आठवा. जमिनीचा व्यवहार झाला म्हणून तलाठी लगेच सातबाऱ्यावरचं नाव खोडत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. नोटिसा निघतात. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मगच नाव सातबाऱ्यावर चढतं. डेटाबेसही मूळ तक्त्याला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो आणि ती डिस्कवर पक्की करतो. व्यवहार पूर्ण झाला की 'प्रमाणित' असा शिक्का. वीज परत आली की तो आधी ही नोंदवही वाचतो. शिक्का असलेलं सगळं तक्त्यात चढवतो, शिक्का नसलेलं मागे घेतो. ४१२ जणांचं बिल एकच व्यवहार म्हणून बांधलं असेल तर वीज गेल्यावर एकाचीही उचल कापलेली दिसणार नाही. पुन्हा बटण दाबा, झालं.

या शिस्तीमागचं बरंचसं काम संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचं. त्यासाठी त्यांना संगणकशास्त्रातला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मुलं जे 'ॲसिड' (व्यवहार अखंड, सुसंगत, एकमेकांपासून अलग आणि टिकाऊ असावा, हे चार गुण) पाठ करतात ते आद्याक्षरांचं नाव मात्र थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये ठेवलं.

बॅटरी बॅकअप तरीही घ्या. डेटाबेस वाचवतो तो शिक्का बसलेला व्यवहार. काट्यावर कॅन असताना टाइप होत असलेली नोंद नाही.

फॅट ७.० च्या ऐवजी ७० टाइप झालं तर डेटाबेस अडवतो का?

तुम्ही सांगून ठेवलं असेल तर अडवतो. 'फॅट १५ च्या वर नको', 'लिटर शून्याच्या खाली नको', 'सभासद तक्त्यात नसलेल्या क्रमांकावर दूध घ्यायचं नाही', असे नियम तक्त्यालाच चिकटवता येतात. मग नोंद काउंटरवरून येवो, मोबाइलवरून येवो की एखाद्या हुशार पोराने मागच्या दाराने घातलेली असो, कोठावळा परत पाठवतो. फाइल पद्धतीत हाच नियम प्रत्येक प्रोग्राममध्ये लिहावा लागतो आणि ज्यात राहून गेला तिथून घाण आत येते.

एक्सेल चालेल ना? सगळ्यांना येतं.

हिशेब मांडायला, तक्ता करून मीटिंगमध्ये दाखवायला उत्तम. मूळ नोंदी ठेवायला नको.

बँक खातं शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य गिळतं. सोळा आकडी खातं असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो, कारण ते संख्येचे पंधराच आकडे नीट धरतं. शेअर दाखला क्रमांक ३-१२ लिहिलात तर ३ डिसेंबर होतो. आपलंच नाही, जगाचं तेच. जनुकांची नावं तारखा होऊन बसतात म्हणून शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने शेवटी काही मानवी जनुकांची नावंच बदलली. २०२० मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून गळाल्या. माहिती एक्सेलच्या जुन्या साच्यात भरली जात होती आणि त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या साच्यात १०,४८,५७६ मावतात. ४१२ सभासद, दोन वेळा, ३६५ दिवस हा गुणाकार करून पाहा: वर्षाला तीन लाख ओळी. चौथ्या वर्षी पान भरतं.

अध्यक्षांना अचानक वेगळाच रिपोर्ट हवा असतो. प्रत्येक वेळी प्रोग्रामरला पैसे द्यायचे का?

'गेल्या तीन महिन्यांत म्हशीचं फॅट ६ च्या खाली किती जणांचं, किती वेळा गेलं?' फाइलवर असाल तर हो, प्रत्येक वेळी नवा प्रोग्राम, कारण फाइल कशी चाळायची हे पायरी-पायरीने सांगावं लागतं.

सुरुवातीचे डेटाबेसही असेच होते. अपोलो मोहिमेच्या रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला आयबीएमने १९६० च्या दशकात आयएमएस नावाचा डेटाबेस उभा केला, पण त्यातही वाट तुम्हीच शोधायची: या भागाखाली तो भाग, त्याखाली तो. १९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी लेख लिहून सांगितलं की माहिती साध्या तक्त्यांत मांडा आणि वापरणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं. कसं शोधायचं ते यंत्राचं काम. त्यातूनच पुढे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आली: सिलेक्ट म्हणजे काय हवं, फ्रॉम म्हणजे कुठून, व्हेअर म्हणजे कुठल्या अटीवर. अध्यक्षांचा वरचा प्रश्न पाच-सहा ओळींत सुटतो. एका संस्थेच्या सेक्रेटरीबाई आता स्वतःच या ओळी लिहितात. माझे फोन तेवढे कमी झाले.

मराठी नावं शोधली तर सापडत नाहीत. डेटाबेसचा दोष?

नाही, आणि हे कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो. 'कुऱ्हाडे' आडनाव घ्या. यातला ऱ्ह दोन रीतींनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळी आडनावं. नोंद आत घेतानाच एका रूपात आणून ठेवली नाही तर डेटाबेससुद्धा 'असा सभासद नाही' म्हणून मोकळा होतो. पाटील आणि पाटिल हे प्रकरण त्याहून सोपं, निदान डोळ्यांना दिसतं.

आणि नाव ही ओळख धरूच नका. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही सारखी असलेले दोन सभासद मी एकाच गल्लीत पाहिलेत. क्रमांक द्या आणि माणूस वारला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका.

डेटाबेस बसवल्यावरही जुनं बिल पुन्हा छापलं तर रक्कम वेगळी आली. असं कसं?

दरपत्रक बदललं तेव्हा जुन्या दरावरच नवा दर लिहिला असणार. दराला 'या तारखेपासून' असा रकानाच नसेल तर जून महिन्याचं बिल ऑगस्टच्या दराने निघतं. कोठावळा तुम्ही सांगितलेलंच पाळतो. रचना चुकली तर तो चुकीची गोष्ट फार शिस्तीत सांभाळतो.

फॉक्सप्रोमधला जुना डेटा नव्यात आणताना काय बघायचं?

आणायचा हे तर आलंच. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला.

सगळ्यात मोठी फसगत पुसलेल्या नोंदींची. फॉक्सप्रोत नोंद 'डिलीट' केली की ती जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. 'पॅक' केल्यावरच खरी जाते. ही खूण न बघणाऱ्या साधनाने डेटा उचललात तर गेलेले सगळे परत येतात. एका ठिकाणी नव्या यादीत स्वर्गवासी झालेले चौदा सभासद हजर झाले, त्यातले दोघे माजी अध्यक्ष. शिवाय जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, आणावी लागते आणि तिथे जोडाक्षरं हाताने तपासण्याला पर्याय नाही. निदान दोन बिलं जुन्या आणि नव्या दोन्हींवर काढा, पैशापर्यंत जुळली तरच जुनं बंद करा.

परीक्षेला नेमके कोणते मुद्दे लिहू?

पुनरावृत्ती, विसंगती, माहिती काढण्यातली अडचण, विखुरलेला डेटा, नियमांचा अभाव, अर्धवट व्यवहार, एकाच वेळचे बदल, सुरक्षा. प्रत्येकाला वरचं एकेक उदाहरण जोडा. सुरक्षेचं उदाहरण वर नाही, ते इथे घ्या: फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की त्यातलं सगळं गेलं, डेटाबेसमध्ये मापाडी नोंद घालू शकतो पण दर बदलू शकत नाही, असं वाटून देता येतं.

मग साधी फाइल कुठेच वापरू नये का?

असं कुठे म्हटलं? ठरावांच्या प्रती, सभासदांचे फोटो, पत्रं फाइल म्हणूनच ठेवा. ऐंशी सभासदांची, एका संगणकाची संस्था असेल तर मोठा डेटाबेस नको, एसक्यूलाइट पुरे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये काढलेला हा डेटाबेस फुकट आहे, अख्खा डेटा एका फाइलमध्ये ठेवतो, वीज गेल्यावर सावरतो आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ताही चालू आहे. फक्त तो चालू असताना त्याची फाइल नुसती कॉपी करून तिला बॅकअप म्हणू नका. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत हाती येते. बॅकअपची त्याची स्वतःची आज्ञा आहे, ती वापरा आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

सगळं संगणकावर आल्यावर सभासदाला चिठ्ठी द्यायची गरज काय? कागद वाया जातो.

द्या. वर सांगितलेली साडेचार लिटरची चूक ना प्रोग्रामने पकडली, ना ऑडिटरने, ना मी. चिठ्ठी छापली जायची ती फाइलमध्ये नोंद जाण्याआधी, त्यामुळे तिच्यावर १०४.५ बरोबर होतं. गोठेवाल्याची आई रोज त्या चिठ्ठ्या बाजरीच्या डब्यावरच्या खिळ्याला टोचून ठेवायची. बिल आलं त्या दिवशी तिने तो अख्खा गठ्ठा आणून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, 'लेका, ह्ये वाच आणि मग तुझं यंत्र वाच.'